साडेसतरा मिनिटं

सोलापूर,
१० जून २०२४

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

मी तेजश्री सरवदे. एम.ए. भूगोल, २०१४ ची तुकडी, दुसरा बाक, खिडकीकडची बाजू. आता आपल्याच विद्यापीठाच्या डिजिटल अध्यापन केंद्रात इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे. प्राध्यापकांनी जे शिकवायचं ते पडद्यावर कसं मांडायचं, कुठे तोडायचं, कुठे चित्र घालायचं, हे ठरवणं माझं काम. आई गल्लीत सांगत फिरते, "आमची तेजू मास्तरांना शिकवती." तुम्ही हसणार हे माहीत आहे, म्हणून आधीच लिहून टाकलं.

तुम्हाला आठ वेळा फोन केला. आठही वेळा काकूंनी उचलला. सर मळ्यात गेलेत, सर झोपलेत, सर आंघोळीला गेलेत. मेललाही उत्तर नाही. म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. आमच्या केंद्रात बारा कॉम्प्युटर आहेत, पण डिंकाची बाटली एकाही टेबलावर सापडली नाही.

काम असं आहे. तुमच्या निवृत्तीआधी, गेल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, चौदा नंबरच्या खोलीत आम्ही तुमची 'भूजलाचा भूगोल' ही बावीस व्याख्यानं रेकॉर्ड केली होती. दूरशिक्षणाच्या मुलांसाठी ती मी संपादित करून पोर्टलवर चढवली. पन्नास मिनिटांचं सातवं व्याख्यान साडेबत्तीस मिनिटांवर आणलं. शेवटच्या चार व्याख्यानांत तुमचा आवाज बसलेला होता, तोही साफ करून घेतला. मला वाटलं होतं, केंद्राचं हे सगळ्यात चांगलं काम होईल.

तसं झालेलं नाही. दोनशे बारा मुलांनी नाव नोंदवलं आणि सातवं व्याख्यान शेवटपर्यंत पाहिलं फक्त एकोणीस जणांनी. आमच्या संचालक हेमावती मॅडम म्हणतात, एक तर व्याख्यानं पुन्हा रेकॉर्ड करा, नाहीतर सप्टेंबरच्या बैठकीत समिती अभ्यासक्रम बंद करेल. तुमच्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही. हा अभ्यासक्रम गेला, तर विद्यापीठात भूजल शिकवणारं कुणी उरत नाही.

तुम्ही तीन दिवस आलात तरी पुरे. गाडी पाठवते. सोबत पेनड्राइव्हवर सातवं व्याख्यान आहे, टीव्हीला लागेल.

आपली विद्यार्थिनी,
तेजश्री


नातेपुते,
१८ जून २०२४

चि. तेजश्री,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर बोलणं मी बंद केलं आहे. म्हातारपणी माणसानं एखादी सवय सोडावी म्हणतात, मी ही सोडली. व्हॉट्सअपवर माझा अंगठा चालत नाही, एका शब्दाला तीन चुका होतात. तेव्हा आपलं हेच बरं. पोस्टमन ओळखीचा आहे, चहाला थांबतो.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. त्यात एक गृहस्थ माझा शर्ट घालून माझ्याच आवाजात बोलत होते. चष्मा त्यांच्या नाकावर असतो, पुढच्या क्षणी हातात असतो, पुन्हा नाकावर. असली हातचलाखी मी जत्रेतसुद्धा पाहिलेली नाही. तेही एक वेळ चालेल. पण हा माणूस मुलांना प्रश्न विचारतो आणि श्वास न घेता स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. "तुमचं पाणी चोरीला गेलं का? तर याचं उत्तर असं की..." असल्या मास्तरांची मी चौतीस वर्षं स्टाफरूममध्ये बसून टिंगल केली. त्यातला एक माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर!

तू लिहितेस, पन्नासची साडेबत्तीस केली. हिशेब बरोबर आहे. मला एवढंच सांग, साडेसतरा मिनिटं कुठं आहेत?

पुन्हा रेकॉर्ड करायला येणं जमणार नाही. मळ्यात काम आहे.

आदिनाथ पिसे


सोलापूर,
२५ जून २०२४

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

तुमचं पत्र हेमावती मॅडमना वाचून दाखवलं. चष्म्यापाशी त्या हसल्या, पुढे हसल्या नाहीत.

साडेसतरा मिनिटांचं सांगते. त्यात हजेरी होती, फळा पुसणं होतं, तुमचा खोकला होता. आणि बरीचशी शांतता होती. तुम्ही प्रश्न विचारून चष्मा पुसत थांबता, ती. आमच्याकडे एक सोय आहे. दोन सेकंदांपेक्षा जास्त कुणी बोललं नाही, की सॉफ्टवेअर ती जागा आपोआप काढून टाकतं. सर, हा माझा लहरीपणा नाही. वर्गात मुलं अडकलेली असतात, घरी नसतात. मोबाइलवर सहा सेकंद आवाज आला नाही की पोरांना वाटतं नेट गेलं, आणि ती बाहेर पडतात. आकडे आहेत माझ्याकडे.

तरी तुमचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. नव्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक प्रश्नानंतर निळा पडदा येईल, त्यावर 'विचार करा' असं लिहिलेलं असेल आणि वीस सेकंदांचं उलटं घड्याळ चालेल. हे मुलांना आवडतं.

बाकी, अभिप्रायाच्या रकान्यात एका मुलीनं गमतीचं लिहिलंय. अंकिता नाव आहे, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात शिलाईला असते आणि घरून शिकते. लिहिते, "सर प्रश्न विचारतात आणि लगेच उत्तर सांगतात. त्यांना सगळं माहीत आहे तर मला कशाला विचारतात?" तुम्हाला हसू येईल म्हणून उतरवून पाठवते.

मूळ रेकॉर्डिंग सध्या हाताशी नाही, म्हणून पुन्हा करण्याचा आग्रह. मळ्याचं काम जुलैच्या मध्याला आवरेल ना? तेव्हा गाडी पाठवू का?

तेजश्री


नातेपुते,
६ जुलै २०२४

चि. तेजश्री,
आशीर्वाद.

मला हसू आलं नाही. त्या मुलीचं बरोबर आहे. तिला तसं कळव.

घड्याळाचं म्हणशील, तर घड्याळ दाखवलं की मूल घड्याळाकडे बघतं, प्रश्नाकडे नाही. परीक्षेत कधी पर्यवेक्षण केलं असशील तर तुला हे सांगायला नको. शिवाय कुणाला वीस सेकंद लागतात, कुणाला दोन मिनिटं. ते पडद्याला काय कळणार? समोर उभं राहून तोंडं बघावी लागतात. एखाद्याचे ओठ हलतात, एखादी वहीकडे बघते आणि पुन्हा वर बघते. तेवढ्यात आपण बोललो की गेलं.

तुला वाटत असेल, सरांनी हे कुठल्या तरी पुस्तकातून घेतलं. तसं काही नाही. १९८९ ला नोकरीला लागलो, पहिलाच आठवडा होता. प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मीच विसरलो. टिपणं खोलीवर राहिलेली. काय करणार? चष्मा काढून पुसत उभा राहिलो. मुलांना वाटलं सर वाट बघताहेत. केम गावचा सिद्धनाथ नावाचा मुलगा होता, कधी तोंड उघडायचा नाही. तो उठला आणि माझ्या टिपणांपेक्षा चांगलं उत्तर दिलं. त्या दिवसापासून मला उत्तर येत असलं तरी मी चष्मा पुसत आलो.

तेव्हा नवं काही करू नकोस. जुनं होतं तसं लावून दे. खोकल्यासकट.

मला येता येणार नाही. गुडघा धरलाय.

आदिनाथ पिसे


सोलापूर,
१५ जुलै २०२४

आदरणीय सर,

आधी मळा, आता गुडघा. गेल्या आठवड्यात तुमच्या शेजारच्या गावातला आमचा एक कर्मचारी गावी जाऊन आला. तो म्हणतो, सर रोज सकाळी बाजारापर्यंत चालत जातात. माझा राग आला असेल तर पत्रात दोन शब्द जास्त लिहा, मी वाचून घेईन. पण कारणं सांगू नका.

आणि मीही एक कारणच सांगत आले, ते आता सांगून टाकते. जुनं लावता येणार नाही. मूळ रेकॉर्डिंग राहिलेलं नाही. एप्रिलमध्ये सर्व्हरची जागा संपली, तेव्हा संगणक विभागानं यादी पाठवली की संपादन पूर्ण झालेल्या मूळ फायली काढायच्या. तुमच्या बावीसही नावांपुढे मी खूण केली. सही माझी आहे. आमचा कॅमेरामन शिवपुत्र तेव्हा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, पिसे सरांचं राहू द्या की. सर थांबायचे तवा मी क्यामेरा बंद करत नव्हतो. मीबी उत्तर शोधत बसायचो." मी त्याला म्हटलं, शिवपुत्र, जागा नाही.

आता शिल्लक आहे ती फक्त कापलेल्या जागांची यादी. कुठल्या मिनिटाला किती सेकंद काढले, एवढंच त्यात आहे. काढलेलं काही त्यात नाही.

दोन पत्रं ही गोष्ट मी लपवली. लाज वाटत होती, दुसरं कारण नाही. चूक माझी आहे, तिची शिक्षा अभ्यासक्रमाला देऊ नका. तीन दिवस या, सर.

तेजश्री


नातेपुते
ता. २३ जुलै

तेजश्रीबाईंना मथुराबाई आदिनाथ पिसे हिचा नमस्कार. मी सातवी शिकलेली हाय, चुकलं माकलं संबाळून घ्या.

तुमची पत्रं मी वाचते. चोरून न्हाय, टेबलावरच असत्यात. सर तुमच्यावर रागावलेले न्हाईत. आन गुडघा बी चांगला हाय. जानेवारीत पुण्याला त्यांच्या घशाचं आपरेशन झालं. गाठ व्हती. डाक्टरनी आवाजाची पेटीच काडून टाकली. जीव वाचला, आता धोका न्हाय म्हणत्यात. पन गळ्याला भोक हाय, तितनं श्वास घेत्यात. बोलता येत न्हाय. जरा सुदिक न्हाय.

कुणाला सांगू देत न्हाईत. आमच्या लेकाला, ऋतुराजला, तेवडं ठावं हाय. दारात कोण आलं की मागच्या दारानं रानात जात्यात. गळ्याला मफलर गुंडाळून सकाळी बाजारापत्तोर जात्यात आन कुणी हाक मारली की हात वर करून फुडं. घरात पाटीवर लिवत्यात. पाटी माझ्या नातवाची हाय.

तुमी धाडलेलं त्यांनी टीव्हीला लावलं तवा मी सैपाकघरात व्हते. आवाज आला. तवा तसाच जाळावर ठिऊन भायेर आले. ते खुर्चीत, तोंड बंद, आन आवाज टीव्हीतनं. मला रडू आलं, तवा त्यांनी बंद केलं. आता ते बाजारात गेले की मी लावते. एकच हाय, सात नंबरचं. बोअरचं मला सगळं पाठ झालंय. बाकीची एकवीस मला द्या. खोकल्याची असली तरी चालत्याल.

आन एक लिवते, रागावू नका. तुमी म्हणता मधलं थांबणं कापलं, त्ये मला कळलंच न्हवतं. मला वाटलं सर जसं बोलत्यात तसंच हाय की. घरात असंच बोलायचे. "भाजी काय करतीस? मेथी कर." "ऋतुराजकडं कदी जायचं? दिवाळी झाल्यावर जाऊ." इचारायचं बी त्यांनी आन सांगायचं बी त्यांनीच. पोरांसाटी चष्मा पुसत थांबायचे ह्ये मला तुमच्या पत्रातनं कळलं.

त्यांना बलवा. काय बी काम सांगा पन बलवा. माणूस घरात वाळत चाललाय. मी लिवलं ह्ये त्यांना सांगू नका.

मथुराबाई


सोलापूर,
२९ जुलै २०२४

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

पुन्हा रेकॉर्ड करण्याचा विषय मी सोडला. त्यात तुम्हाला त्रास द्यायचा नाही.

दुसरं एक सुचलंय. दूरशिक्षणाच्या मुलांचं संपर्कसत्र १ सप्टेंबरला, रविवारी आहे. चौदा नंबरच्या खोलीत सातवं व्याख्यान मोठ्या पडद्यावर लावायचं. जिथे जिथे मी कापलं, तिथे तिथे ते बंद करायचं. यादी आहेच माझ्याकडे. पडदा बंद असेल तेवढा वेळ तुम्ही वर्गात उभे राहायचं. बस्स. बोलायचं काही काम नाही, बोलण्याचा भाग पडद्यावर आहे. त्या दिवशी मॅडमही बसणार आहेत. मुलं टिकली, तर समितीपुढे सांगायला त्यांच्या हातात काहीतरी राहील.

गाडी सकाळी सात वाजता येईल.

तेजश्री


नातेपुते,
५ ऑगस्ट २०२४

चि. तेजश्री,

"बोलायचं काही काम नाही" हे वाक्य लिहिताना तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला कळणार नाही. घरातल्या पोस्टाच्या पाकिटांत एक कमी भरलं, तेव्हाच मला शंका आली होती. मथुरेला मी काही म्हटलेलं नाही. म्हणणार तरी कसा?

आता कळलंच आहे तर स्पष्ट लिहितो. तू माझं थांबणं पुसलंस याचं मला वाईट वाटलं. पण बोललेलं तरी तू ठेवलंस. आज ते कुठेच नाही, फक्त तुझ्या त्या पोर्टलवर आहे. तेव्हा तुझा गुन्हा अर्धाच.

पण मी येणार नाही. गळ्याला भोक पडलेला मास्तर वर्गात उभा करून तू मुलांना काय दाखवणार? मुलं पुढे टाळ्या वाजवतील, मागे कीव करतील. चौतीस वर्षांत माझी कुणी कीव केलेली नाही, ती आता नको. मुका माणूस वर्गात शोभत नाही.

अभ्यासक्रम बंद होत असेल तर होऊ दे. पाणी काय, कुणी शिकवायचं राहिलं म्हणून जमिनीखाली थांबत नाही.

आदिनाथ पिसे


सोलापूर,
१२ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,

कापलेल्या जागांच्या यादीतली एक ओळ उतरवते. "व्याख्यान सात. मिनिट चौदा, सेकंद वीस. काढलेला कालावधी: एक मिनिट बावन्न सेकंद." शेजाऱ्याच्या बोअरचा प्रश्न तुम्ही विचारलात, ती ही जागा. यादीत अशा तीनशे नऊ ओळी आहेत. बावीस व्याख्यानांत तुम्ही तीनशे नऊ वेळा मुके उभे होतात, आणि ते तुम्हाला शोभत होतं.

दुसरी गोष्ट कुठल्या यादीत नाही. २०१२ चा सप्टेंबर. तुम्ही विचारलं होतं की काळ्या मातीत पाऊस जास्त पडूनही विहिरी का भरत नाहीत. मला उत्तर येत होतं. पण तोवर मी कुठल्याही वर्गात, शाळेतसुद्धा, आपणहून तोंड उघडलेलं नव्हतं. आमच्या वस्तीतली मी पहिलीच एम.ए.ला गेलेली, चुकलं तर सगळ्यांचं चुकेल असं वाटायचं. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. पुढची मुलं मागे बघायला लागली. कुणीतरी चुळबुळलं. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत, पण कुणाची वाट बघताय ते मला माहीत होतं. मी बोलले. त्या दिवशी बोलले म्हणून आज या खुर्चीत बसलेय.

आणि या खुर्चीत बसून मी काय केलं? तेच कापलं. मला याचं फार वाईट वाटतं सर, रोज वाटतं.

गाडी एक तारखेला सात वाजता तुमच्या दारात येईल. तुम्ही बसला नाहीत तर ती रिकामी परत येईल.

तेजश्री


सोलापूर,
२ सप्टेंबर २०२४

ती. मथुराकाकूंना,
सा. नमस्कार.

तुम्ही गाडीत बसवून दिलंत, पण सोबत आला नाहीत. सर पाटीवर किती लिहितील माहीत नाही, म्हणून कालचं मीच सगळं कळवते.

सर साडेदहाला पोचले. इस्त्रीचा शर्ट आणि गळ्याला मफलर. हेमावती मॅडम पुढे होऊन बोलायला लागल्या, तर सरांनी नमस्कार केला आणि सरळ चौदा नंबरच्या खोलीत जाऊन फळा पुसला. फळा स्वच्छच होता. शिवपुत्रनं त्यांचे पाय धरले आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. काय ते तो सांगत नाही.

एकतीस मुलं आली होती. कुणी साखर कारखान्यातलं, कुणी दुकानातलं, दोन आया लेकरं घेऊन. मी त्यांना एवढंच सांगितलं, सरांचं ऑपरेशन झालंय, आवाज पडद्यावरून येईल, सर इथं असतील. मागच्या बाकावर दोघं हसली. सरांनी ऐकलं असणार.

व्याख्यान सुरू झालं. पहिल्या दोन जागांवर थांबवलं, सर उभे राहिले, कुणी काही बोललं नाही. मी पुन्हा चालू केलं. सरांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, चूक झाली आपली, म्हाताऱ्या माणसाला उगाच उभं केलं.

मग बोअरचा प्रश्न आला. तुम्हाला पाठ आहे तोच. "शेजाऱ्यानं तुमच्या विहिरीपासून शंभर फुटांवर बोअर घेतलं. आठ दिवसांत तुमची विहीर आटली. तुमचं पाणी चोरीला गेलं का?" इथे मी पडदा बंद केला. सर पुढे आले, चष्मा काढला आणि मफलरच्या टोकानं पुसायला लागले. मफलर थोडा सरकला. त्यांनी तो नीट केला नाही.

मी मोबाइलमध्ये बघत होते. यादीप्रमाणे एक मिनिट बावन्न सेकंद. ते संपले. सर थांबलेलेच. एक मुलगा म्हणाला, "व्हय सर, केस करायची." सरांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही नाही. दुसरा म्हणाला, "जमीन त्याची, बोअर त्याचं, मग पाणी बी त्याचंच की." सर चष्मा पुसतच होते. श्वासाचा आवाज येत होता, आता कुणी हसत नव्हतं. चार मिनिटं झाली. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. टॉवेल कारखान्यातली अंकिता. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. म्हणाली, "सर, माझ्या हिरीतलं पाणी तरी माझ्या रानात पडलेलं व्हतं का? न्हाय की. ते वरच्या गावाकडनं आलं. मग चोरी म्हनायची तर पयली मीच केली आसंल."

खोलीत एकदम कालवा झाला. तो केसवाला मुलगा उठून तिच्याशी भांडायला लागला, दुसरा तिच्या बाजूनं. मला वाटलं हीच वेळ, आणि मी व्याख्यान पुढे चालू केलं. पडद्यावर सर म्हणाले, "तर याचं उत्तर..." एवढ्यात खऱ्या सरांनी हात वर केला. माझ्याकडे बघून, तळवा पुढे करून, थांब म्हणून. मी बंद केलं.

काकू, त्यांनी स्वतःचा आवाज थांबवला. तो आवाज पुन्हा कधी मिळणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? मी तिथेच रडले, मॅडमसमोर, मला लाज वाटली नाही.

मुलं पंचवीस मिनिटं बोलत होती. सर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, ज्याचे ओठ हलतील त्याच्यासमोर जाऊन उभे राहत होते. ते उत्तर आम्ही शेवटपर्यंत लावलंच नाही. जाताना त्या अंकितानं सरांना विचारलं, पुढच्या रविवारी आहे का? सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, आहे.

समितीची बैठक गुरुवारी आहे. मॅडम सांगताहेत, या सत्रापुरतं तरी धरून ठेवू.

सोबत बावीसही व्याख्यानं आहेत. खोकला मी काढून टाकलेला आहे, तो परत आणता येत नाही. माफ करा.

तुमची,
तेजश्री


नातेपुते,
२० सप्टेंबर २०२४

चि. तेजश्री,
आशीर्वाद.

अभ्यासक्रम राहिला हे हेमावतीबाईंच्या पत्रानं कळलं. सातव्याला आणखी दोन रविवार पुरले. येत्या रविवारी आठवं व्याख्यान लावायचं असेल, तर त्यातली मधली तीन उत्तरं आताच काढून ठेव. ती चुकीची आहेत. अकरा वर्षं तीच सांगत आलो. परवा घरी बसून ऐकताना लक्षात आलं.

घरी सध्या मी सकाळ-संध्याकाळ वाजतो. तुझ्या काकूनं बावीसही व्याख्यानं ऐकून काढली. एकेक लावते आणि मधे बंद करून मला विचारते, "हितं थांबला व्हता का तुमी?" मी मान हलवतो. मग ती स्वतः उत्तर देते. बहुतेक वेळा बरोबर असतं. सातवी शिकलेली बाई आहे, मला हे कधी कळलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

तिनं तुला लिहिलेल्या पत्राचा कच्चा कागद तिनेच मला दाखवला. मेथीचं वाचलं. मला राग आला, मग तास दोन तास दुसरं काही सुचलं नाही. वर्गात तीनशे नऊ वेळा थांबणारा माणूस घरात एकदाही थांबला नाही, हे खरं आहे. ते कुणी कापलेलं नाही.

परवा सकाळी पाटीवर लिहिलं, "भाजी काय करतेस?" पुढचा शब्द लिहायला हात गेला होता. खडू खाली ठेवला. चष्मा काढला आणि पुसत बसलो. तिला आधी वाटलं मला बरं नाही, कपाळाला हात लावून पाहिला. मग पाटी वाचली. माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे बघितलं. गॅस बारीक केला आणि समोर पाटावर बसली. बराच वेळ गेला. तू असतीस तर कापला असतास.

मग ती म्हणाली, "खरं सांगू? मला मेथी आवडत न्हाय. कदीच आवडली न्हाय."

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली.

आदिनाथ पिसे